द्राक्षबागेतले ससे आणि स्वस्तातला नाईट स्कोप : पैसे नेमके कुठे घालायचे

आधीच सांगून टाकतो, हे सगळं न्यूझीलंडमधलं आहे, साउथ आयलंडच्या सेंट्रल ओटागो भागातलं, म्हणजे क्रॉमवेल-अलेक्झांड्राची बाजू. माझं गाव निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षं, इथे येऊन पण काम द्राक्षातच, फक्त थॉमसन नि सोनाकाच्या जागी पिनो न्वार आणि पाऊस-पाखरांच्या जोडीला ससे. रात्री हे ससे कमी करायला पॉइंट टू-टू रायफलवर (०.२२ इंची बारीक गोळीची बंदूक) कोणता स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवावा, तो पण खिसा न फाडता, एवढाच विषय आहे. ज्यांना ससा म्हटलं की पांढरा शुभ्र गोड प्राणी आठवतो त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, मी वाईट वाटून घेणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी, कारण घरी फोनवर सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न हाच की अरे सशाने तुझं काय घोडं मारलंय. तर ससा इथला नाहीच. वटवाघळं सोडली तर या देशात जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता, ससे गोऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आणले आणि ते इतके वाढले की १८७६ मध्येच त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला, मग त्यांच्यावर उतारा म्हणून १८८० च्या दशकात फेरेट नि स्टोट, म्हणजे मुंगसासारखे शिकारी प्राणी, आणले तर त्या पठ्ठ्यांनी सशांपेक्षा इथल्या न उडणाऱ्या पक्ष्यांचाच फडशा पाडला. १९९७ मध्ये सरकार नको म्हणत असताना काही शेतकऱ्यांनी सशांचा जीवघेणा रोग चोरून देशात आणला, पहिली पक्की नोंद आमच्या क्रॉमवेलजवळच झाली, ऑगस्ट महिन्यात. आधी धडाधड मेले, मग उरलेल्यांच्यात प्रतिकारशक्ती आली. २०१८ ला सरकारच्या मंजुरीने त्याच रोगाच्या विषाणूचा के-फाइव्ह नावाचा नवा स्ट्रेन सोडला, तरी बागेत आज सकाळी बघाल तर लेंड्या आहेतच. आणि हे फक्त नुकसानीचं नाही, ओटागो रिजनल कौन्सिलचा नियम आहे, सशांचं प्रमाण मोजायची १ ते ८ अशी मॅक्लीन स्केल आहे त्यात तुमची जमीन ३ च्या वर गेली तर जबाबदारी मालकाची. हिवाळ्यात कोवळ्या वेलींची साल खोडाभोवती गोल सोलून खातात, एकदा पूर्ण गोल सोललं की ती वेल गेली. ज्याने दोन वर्षं रोप जपलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

जाळीचं कुंपण, प्रत्येक रोपाला गार्ड, बिळात गॅस, पिंडोनचं विष, हे सगळं असतंच. पण उरलेसुरले ससे बंदुकीनेच काढावे लागतात आणि ससा खरा बाहेर पडतो अंधारात. पूर्वापार पद्धत म्हणजे स्पॉटलाइट मारायचा, डोळे चमकले की गोळी. पण वाचलेला ससा शिकतो, नंतर लाइट लांबून दिसला तरी बिळात. म्हणून मग नाईट व्हिजन.

आता मुद्दा. बाजारात चार जाती आहेत. एक, खऱ्या ट्यूबवाला (अंधूक उजेड वाढवून दाखवणारी नळी) नाईट व्हिजन, मिलिटरीवाला, त्याचं नाव काढू नका, चांगल्या ट्यूबच्या किमतीत आपली जुनी गाडी येते. दोन, थर्मल, म्हणजे अंगातली उष्णता दाखवणारा, इथे साधारण हजार डॉलरच्या पुढे सुरुवात आणि खरंच चांगला हवा तर तीन-चार हजार. तीन, डिजिटल डे-नाईट स्कोप, दिसायला नेहमीच्या स्कोपसारखा पण आत कॅमेरा नि स्क्रीन, उदाहरणार्थ हिकमायक्रोचा अल्पेक्स, दिवसा रंगीत, रात्री काळंपांढरं. आणि चार, मागून लावायचा डिजिटल ॲड-ऑन, ज्यात पार्डचा एनव्ही ००७ हा सगळ्यात ओळखीचा चेहरा. हा तुमच्या आहे त्या दिवसाच्या स्कोपच्या डोळ्याकडच्या बाजूला अडॅप्टरने बसतो, आत कॅमेरा सेन्सर, एक बारकी स्क्रीन, वर इन्फ्रारेड टॉर्च, एक १८६५० मापाची चार्ज होणारी बॅटरी, बस. तीन नि चार दोन्ही साधारण पाचशे ते हजार डॉलरच्या पट्ट्यात येतात, मॉडेल दरवर्षी बदलतं म्हणून मी कंपनीपेक्षा जातीबद्दलच बोलतो.

मी चौथी जात घेतली आणि पहिल्यांदा त्याचं कारण सांगतो. जाहिरातीत बघा, सगळीकडे रेंज रेंज रेंज. तीनशे मीटरवर दिसेल, चारशेवर दिसेल. अरे पण दिसून करायचं काय? पॉइंट टू-टूच्या सबसॉनिक गोळीचा वेग आवाजाच्या खाली, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. पन्नास मीटरला झिरो केली, म्हणजे नेम नि गोळी त्या अंतरावर जुळवली, तर पाऊणशे मीटरवर सात-आठ सेंटिमीटर खाली जाते आणि शंभरला वीसच्या आसपास. सशाचं डोकं केवढं? गोळी तिथेच लागली पाहिजे, नाहीतर जनावर बिळात जाऊन तडफडत मरतं, ते आपल्याला पण नको नि बिचाऱ्या सशाला पण नको. म्हणजे आपलं कामाचं अंतर सत्तर-ऐंशी मीटरच्या आत, खरं तर पन्नासच, आणि एवढ्याला स्वस्तातला डिजिटल भरपूर झाला. तीनशे मीटरच्या रेंजचे पैसे भरणं म्हणजे चुलीवर एसी लावण्यातला प्रकार. सेंटरफायर, म्हणजे जास्त जोराच्या मोठ्या काडतुसाच्या, रायफलने मोकळ्या डोंगरावर काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी हा रिव्ह्यू धरू नये.

दुसरं कारण झिरो. डिजिटल स्कोप नवीन बसवला की झिरो नव्याने करा, काढला-घातला की परत तपासा. मागच्या ॲड-ऑनमध्ये क्रॉसहेअर (नेम धरायची फुली) दिवसाच्या स्कोपचाच राहतो, ॲड-ऑन फक्त त्यातून बघतो, त्यामुळे दिवसा रायफल जिथे मारते तिथेच रात्री मारते. संध्याकाळी उजेड असेपर्यंत नुसता स्कोप, अंधार पडला की ॲड-ऑन चढवा नि पिळून लॉक करा. बॉसची रायफल दिवसा पण लागते त्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे निर्णायक ठरला.

पण बसवताना जी कटकट आहे ती कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. अडॅप्टर तुमच्या स्कोपच्या डोळ्याकडच्या घेराच्या मापाने येतो, साधारण ४२, ४५, ४८ मिलिमीटर असे. मी इथल्या एका दुकानात स्कोप घेऊन गेलो, काउंटरवरच्याने नुसतं बघून सांगितलं की पंचेचाळीसच आहे, सगळ्यांना तोच बसतो, घरी आणून बघतो तर हलतोय. परत नेला तर म्हणे पॅकेट फोडलंय, घेणार नाही. पॅकेट फोडल्याशिवाय हलतोय हे कसं कळणार होतं हे त्याला विचारलं तर तो वर शेल्फकडे बघायला लागला. तर तुम्ही व्हर्नियर कॅलिपर घेऊन माप काढा, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत, आणि मगच ऑर्डर द्या. किंचित ढिला असेल तर स्कोपवर इलेक्ट्रिकल टेपचे वेढे मारून घट्ट होतो, पण टेप एकसारखा गुंडाळा, एका बाजूला जास्त झाला तर चित्र स्क्रीनच्या मधोमध येत नाही, कडेला काळी चंद्रकोर दिसते.

मग डोळ्याचं अंतर. ॲड-ऑन लावला की डोळा टेकायची जागा चांगली चार बोटं मागे येते, दस्त्यावर गाल टेकवून बघायची सवय असलेल्याला मान मागे ताणावी लागते. उपाय म्हणजे दिवसाचा स्कोप रिंगा ढिल्या करून पुढे सरकवायचा, पण मग दिवसा डोळा पुरत नाही. मधला मार्ग काढा, दोन्हीकडे थोडं थोडं सोसा. माझ्या मते ही या जातीची सगळ्यात मोठी उणीव, ज्यांची मान आखडते किंवा चष्मा जाड आहे त्यांनी सरळ तिसरी जात घ्यावी, पन्नास-शंभर डॉलर जास्त गेले तरी.

आणखी एक. दिवसाचा स्कोप कोणता आहे त्यावर रात्रीचं चित्र ठरतं. पुढे फोकसची रिंग असलेला, म्हणजे जवळच्या अंतराला पॅरॅलॅक्स जुळवता येणारा स्कोप असेल तर पंचवीस-तीस मीटरवरचा ससा पण धारदार दिसतो. शंभर यार्डला फिक्स असलेल्या सेंटरफायरच्या स्कोपमधून तोच ससा पिंजलेल्या कापसासारखा. आणि झूम कमीत कमी ठेवायचा, ३ किंवा ४, कारण झूम वाढवला की उजेड कमी, चित्रात मुंग्या वाढतात. फोकस करताना आधी ॲड-ऑनची रिंग फिरवून क्रॉसहेअर स्पष्ट करा, मग स्कोपची रिंग फिरवून लांबचं. उलट क्रमाने केलं तर अर्धा तास नुसते फिरवत बसाल नि शेवटी वस्तूच खराब म्हणाल.

आता प्रत्यक्ष बागेत. ओळीच्या तोंडाशी बसायचं आणि ओळीतून सरळ बघायचं, आडवं नाही. आडवं बघितलं की खांब, तारा, ठिबकचा लॅटरल, आणि फेब्रुवारीनंतर पाखरांची जाळी. इन्फ्रारेडचा झोत जवळच्या खांबावर किंवा जाळीवर पडला की तो तिथूनच परत फिरतो आणि अख्खी स्क्रीन पांढरी, कसारा घाटात धुक्यात अप्पर लावल्यावर पुढे भिंत उभी राहते ना, अगदी तसं, मागचा ससा गायब. उपाय एकच, टॉर्चचा झोत आखूड करा, पॉवर खालच्या पायरीवर आणा आणि बसायची जागा अशी निवडा की पहिल्या पाच-सात मीटरमध्ये काही आडवं येणार नाही. उंच गवताचा पण हाच त्रास. काही जण वेगळी इन्फ्रारेड टॉर्च घेऊन स्कोपच्या बाजूला लावतात, त्याने झोत हवा तसा फिरवता येतो आणि स्कोपच्या नळीची सावली पण पडत नाही, स्वस्तातली सुधारणा आहे, करण्यासारखी.

टॉर्चच्या वेव्हलेंग्थचं पण विचारतात लोक. ८५० नॅनोमीटरची जास्त लांब पोचते पण समोरून बघितलं तर फिकट लाल ठिपका दिसतो, ९४० ची दिसत नाही पण पोच बरीच कमी. सशाला ८५० चा फारसा फरक पडत नाही असा माझा अनुभव, कोल्ह्याच्या देशात, म्हणजे ऑस्ट्रेलिया-इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी ९४० चा विचार करावा. आपल्याकडे न्यूझीलंडमध्ये कोल्हा नाहीच.

थंडी. जून-जुलैत इथे रात्री शून्याच्या खाली चार-पाच अंश सहज जातं आणि १८६५० बॅटरी थंडीत अर्धी होते, इन्फ्रारेड फुल पॉवरवर असेल तर अजून लवकर. जादाच्या दोन बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. आणि बॅटरी नावाजलेल्या कंपनीचीच, नऊ हजार एमएएच वगैरे छापलेल्या असतात ना ऑनलाइन, त्या आकाराच्या बॅटरीत खरे साडेतीन हजारच्या आसपास बसतात, बाकी सगळी छपाई.

इथपर्यंत वाचून वाटेल झालं काम, स्वस्तातला ॲड-ऑन घ्या नि बसा. नाही. आता जे सांगतोय त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. नवीन माणूस काय करतो, एकच वस्तू घेतो, रायफलवर चढवतो आणि त्याच स्कोपमधून अख्खी बाग धुंडाळतो. म्हणजे काय करतो? जे काय आहे ते माहीत नसताना त्याच्यावर भरलेली बंदूक रोखतो. शेजारच्या ब्लॉकमधला ठिबकचा व्हॉल्व्ह बघायला आलेला माणूस असेल, कोणाचा कुत्रा असेल, मेंढरू असेल. इथल्या लायसन्सच्या सात नियमांतला एक आहे, निशाणा काय आहे ते कसलीही शंका न राहता ओळखा, आणि त्याच्या पुढचाच नियम, गोळी जिथून जाणार नि जिथे जाणार ते सगळं तपासा. स्पॉटलाइटच्या पांढऱ्या उजेडात डोळ्यांच्या चमकेचा रंग तरी कळायचा, पोसमचा (झाडावरचा मांजराएवढा प्राणी) वेगळा, मांजराचा वेगळा, मेंढीचा वेगळा. नाईट व्हिजनमध्ये रंगच नाही, सगळ्यांचे डोळे पांढरे दिवे. म्हणून डोळे दिसले म्हणून कधीच नाही मारायचं, कान दिसले पाहिजेत, पाठीचा बाक दिसला पाहिजे, उडी मारून पुढे सरकताना दिसला पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं, बजेट दोन भागात करा. शोधायला हातात धरायचा वेगळा थर्मल मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याची दुर्बीण, साधा, २५६ बाय १९२ सेन्सरवाला, हिकमायक्रो लिंक्सच्या वर्गातला, आणि मारायला रायफलवर स्वस्तातला डिजिटल. थर्मल शोधण्यात राजा आहे, अंधारात अख्ख्या उतारावरचे ससे एका नजरेत पांढरे ठिपके म्हणून उठून दिसतात. पण ओळखण्यात तोच स्वस्त थर्मल कच्चा, ठिपका ससा आहे की घोरपडीएवढा दगड हे सांगत नाही. इथले शिस्ट खडक दिवसभर उन्हात तापलेले असतात, जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, रात्री दहाला पण बसलेल्या सशासारखेच चमकतात. आणि मधली बारीक तार त्याला बहुतेक वेळा दिसतच नाही, थर्मल स्कोपमधून मारलेली गोळी लॅटरलला भोक पाडून गेली असं आमच्या भागात नेहमीचं, सकाळी ओळीत कारंजं. डिजिटलमध्ये तार दिसते, काडी दिसते, मागे दगड आहे की मऊ माती ते पण दिसतं, आणि टू-टूची गोळी दगडावरून किंवा गोठलेल्या जमिनीवरून उसळते हे कोणाला सांगायला नको. तर हातातल्याने शोधा, बंदूक खाली. सापडलं की मग बंदूक उचला, डिजिटलने ओळखा, मागे काय आहे ते बघा, मगच बोल्ट पुढे ढकलून गोळी भरा.

दोन्ही मिळून सुद्धा एका चांगल्या थर्मल स्कोपपेक्षा कमी पैसे जातात. आणि दोन्हीला पैसे नसतील तर आधी हातातला घ्या, स्कोपवर लाल फिल्टरची टॉर्च लावून एक हंगाम काढा, लाल उजेडाला ससे पांढऱ्यापेक्षा कमी बुजतात. उलट क्रम नको.

कायद्याचं थोडक्यात, स्कोपला लायसन्स लागत नाही, रायफलला फायरआर्म्स लायसन्स लागतंच, २०२३ च्या जूनपासून रजिस्ट्री पण सुरू झालीय, त्यात नोंद करा. जमीन मालकाची परवानगी, शेजाऱ्याला आधी मेसेज. डॉकच्या, म्हणजे सरकारी संवर्धन खात्याच्या जमिनीवर रात्री शिकार चालत नाही, बागेच्या कुंपणापलीकडे ती जमीन असेल तर ससा पलीकडे गेला म्हणजे गेला, त्याला हात जोडा.

धाकट्या भावाचा फोन आला होता, दादा येताना तसली एक दुर्बीण आण, रानडुकरं मक्यात घुसतात. त्याला सरळ नाही सांगितलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकराला हात लावता येत नाही, बंदुकीचं लायसन्स वेगळंच, आणि आपल्या निफाड-दिंडोरीच्या उसात रात्री चमकणारे डोळे डुकराचेच असतील असं कोणी सांगितलंय, बिबट्या काय कमी आहेत का. तिकडे पिकाला सौर कुंपण आणि दिवसा वीज मिळाली तर निम्मा प्रश्न सुटेल, स्कोपने नाही सुटणार. तो म्हणाला बरं मग निदान हातातला तरी आण, पाणी भरायला जाताना बिबट्या बघायला. आता हे मात्र पटण्यासारखं होतं, कस्टमवाल्यांचं काय ते आधी विचारतो म्हटलं.

राहता राहिली फीचर्स. व्हिडिओ रेकॉर्डिंग, वायफाय, मोबाइल ॲप, बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर, यातलं सशाला काहीही लागत नाही. एक लेझर रेंजफाइंडर तेवढा कामाचा, कारण रात्री स्क्रीनवर अंतराचा अंदाजच येत नाही, चाळीस नि सत्तर सारखंच वाटतं, आणि वर सांगितलंच की सत्तरला गोळी कुठे जाते. पण त्याचे दोनेकशे डॉलर वाचवायचे असतील तर बागेत ओळीतले खांब ठरावीक अंतरावर असतात, दिवसा एकदा टेपने मोजून ठेवा, पन्नास मीटरवरच्या खांबाच्या पलीकडचा ससा सोडून द्या. आमच्याकडे त्या खांबावर बॉसने पांढरा रंग मारलाय, इन्फ्रारेडमध्ये तो लखलखीत दिसतो.